अख्खा आहे, वाजत नाही

६ ऑगस्ट

मुंगीच्या आईस,

तुला काय म्हणून लिहावं ते ठरेना. सूनबाई लिहावं तर कागदोपत्री चूक. नुसतं नाव लिहावं तर मी तुला नावाने कधी हाक मारली नाही. मुंगीची आई हे मात्र कुठल्या कोर्टाने रद्द केलेलं नाही, म्हणून ते लिहिलं.

या घरातून फोन येऊ नये असं तू सांगितलं होतंस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस.

काम असं आहे. मुंगीने तिच्या बाबाला फोनवर सांगितलं की तिला तिचा पक्षी हवा. त्याने ते माझ्या कानावर घातलं आणि लगेच म्हणाला, "आई, तू मनावर घेऊ नकोस. विसरेल ती." त्याला बरेच दिवस झाले. परवा तिने पुन्हा विचारलं.

पक्षी खिडकीत आहे, तू ठेवला होतास तिथेच. तुम्ही निघालात तेव्हा तू म्हणालीस की काच एवढ्या प्रवासात टिकणार नाही. ते बरोबर होतं. तुला नीट आठवत नसेल तर सांगते: मुठीएवढा आहे. शेपटीची नळी, तिच्यातून फुंकायचं. पाठीवर भोक, त्यातून पोटात पाणी घालायचं. उजव्या पंखाखाली काचेत एक बुडबुडा राहिला आहे. यांना तो खपला नव्हता. "टाक तो, दुसरा करून देतो," म्हणाले होते. मुंगीने मूठ उघडली नाही.

आता दुसरा होणार नाही. बर्नर आहे, पण झाकून ठेवला आहे. काच फुंकायला जो दम लागतो तो यांच्याकडे राहिला नाही. एरवी बरे आहेत.

मी पक्ष्यात पाणी घालून फुंकून बघितलं. किंचाळला. हे आतून म्हणाले, "खाली ठेव. तो तुझ्यासाठी नाही. लहान फुंकीला बसवलाय."

"मग तुम्हाला ऐकायचा कसा?"

"जिचा आहे तिच्याकडून."

तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, पाठवला का.

तर एवढंच आहे. मुंगीची फुंक लहान आहे तोवर पक्षी तिच्याकडे पोचला पाहिजे, अख्खा पोचला पाहिजे, आणि यांना एकदा ऐकायला मिळाला पाहिजे. पक्षी एकच असल्यामुळे एकदम तो पाठवणार नाही. आधी साधारण तेवढाच, तेवढ्याच पातळ काचेचा एक बल्ब पाठवते. उघडल्यावर कसा निघाला ते कळव. फार लिहू नकोस.

पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय आहे आत?"

"बल्ब."

"भेट म्हणून?"

"नाही, फ्यूज आहे."

"मग पाठवताय कशाला आजी?"

"फुटतो का बघायला."

 त्याने शिक्का जरा जोरात मारला.

खाली सही काय करायची तेही ठरलेलं नाही. अक्षर ओळखशील.


२३ सप्टेंबर

मुंगीच्या आईस,

तुझं कार्ड आलं. "खोकं पोचलं. बल्ब फुटला." मायना नाही, सही नाही. चालेल. हवं तेवढं आहे त्यात.

चूक माझी झाली. कॉलेजच्या लॅबचं स्टोअर मी इतकी वर्षं सांभाळलं. तिथे काचेचं भांडं म्हणजे हलू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. फ्लास्कशेजारी फ्लास्क, मध्ये कागद, कपाटाचं दार लागलं की आतलं सगळं एकजीव. तसाच बल्ब डब्यात ठासून भरला. डबा आपटला असणार, आणि डब्याला बसलेला दणका सरळ बल्बला.

यांना कार्ड वाचून दाखवलं. पडल्या पडल्या म्हणाले, "मी केलेली भांडी जन्मभर राखलीस, आणि एक बल्ब पोचवता येईना?"

मी म्हटलं, "तुमची भांडी कपाटात होती. कपाटं कोणी फेकत नाही."

"पार्सल फेकतातच. फेकणार हे धरूनच बांधायचं."

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. खोक्यात खोकं. दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी हाताच्या तळव्याएवढी जागा, आणि त्या जागेत दबेल आणि परत उठेल असं काहीतरी. कागद दबतो, उठत नाही. जुन्या गादीतला फोम कापला. आतल्या खोक्याने बाहेरच्या खोक्याला कुठेही शिवायचं नाही, कोपऱ्याला तर अजिबात नाही. बांधून झालं की कानाशी धरून हलवायचं. आतून काही बोललं तर परत सोडायचं.

माझं पहिल्यांदा बोललं. दुसऱ्यांदा नाही बोललं. मग मी ते जिन्यावरून खाली सोडलं. खालच्या मजल्यावरची बाई धावत बाहेर आली. "काकू, कोण पडलं?" मी वरून म्हटलं, "कोणी नाही, मी टाकलं." तेव्हापासून ती माझ्याशी फार जपून बोलते.

हा दुसरा बल्ब. या वेळी एवढं जास्त बघ: खोक्याची कुठली बाजू दबली आहे, आणि हलवल्यावर आवाज येतो का. आधी हलवून बघ, मग उघड.

मागच्या वेळी काच मुंगीच्या हाताला लागली नाही ना, ते तू लिहिलं नाहीस.


१० नोव्हेंबर

मुंगीच्या आईस,

पत्र मिळालं. बल्ब शाबूत निघाला, एक कोपरा आत गेला होता, हे यांना सांगितलं. "कोपऱ्यावर पडलं. पडणारच. कोपऱ्यात फोम दुप्पट कर," म्हणाले. पुढच्या खोक्यासाठी दुप्पट कापून ठेवला आहे.

पुढचं तू रागाने लिहिलं आहेस, आणि त्यात चूक नाही. मुंगी दर वेळी खोक्यावर झडप घालते, तिला वाटतं पक्षी आला, आणि निघतो फ्यूज बल्ब. "पाठवायचा असेल तर पाठवा, नाहीतर राहू द्या. हा खेळ कशासाठी चालला आहे मला कळत नाही." मलाही ते तसंच दिसलं असतं.

तुला वाटतं मी खोकी पाठवून तुझ्याकडून उत्तरं मिळवते. उत्तरं येतात हे खरं. पण त्यासाठी पाठवत नाही. एकदा तिथे काचेचा चुरा निघाला तर माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून पाठवते. तिसरा बल्ब तुझं पत्र यायच्या आधीच निघाला होता. तो मुंगीला दाखवू नकोस. तो नीट पोचला तर पक्षी निघेल.

बल्ब मिळणं अवघड झालं आहे, हेही एक कारण उशिराचं. हल्ली सगळे प्लास्टिकचे. मुंगीचा बाबा एका रविवारी आला, टेबलावर बघितलं, म्हणाला, "हे काय?"

"सराव."

"कसला?"

सांगितलं. तो म्हणाला, "तिला आवडणार नाही. तिला या घरातलं काही नकोय, आई. पार्सलसुद्धा नको असणार." मी म्हटलं, "तिला नकोच आहे. मुंगीला हवंय." तो चहा न घेता गेला. पुढच्या रविवारी पिशवीत काचेचे जुने बल्ब घेऊन आला. ऑफिसच्या माळ्यावर पडले होते म्हणे. ठेवले आणि टीव्ही लावला. मी चहा टाकला.

तू शेवटी विचारलं आहेस, बाबा कसे आहेत. बरे आहेत. खाट पुढच्या खोलीत आणली आहे, तिकडे उजेड जास्त. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज असतो, पण सवय होते. जेवण थोडं, वेळेवर. डॉक्टर येऊन जातात. बोलताना मध्ये थांबावं लागतं, त्यामुळे हल्ली कमी बोलतात आणि टोमणे सगळे लहान लहान झाले आहेत.

तुझ्याविषयी काही म्हणतात का, असंही विचारलं आहेस. नाही म्हणत. तू गेलीस त्या दिवशीही काही म्हणाले नव्हते, हे तुला माहीत आहे. दिवसभर बर्नरशी बसले होते. काय केलं ते दाखवलं नाही. संध्याकाळी केराच्या डब्यात काच होती.


५ डिसेंबर

मुंगीच्या आईस,

तिसरा अख्खा पोचल्याचं मुंगीच्या बाबाच्या फोनवर कळलं. तू त्याला कळवलंस म्हणून वेळ वाचला.

या खोक्यात पक्षी आहे. मुंगीला सांगायला हरकत नाही.

धुतला, उलटा टांगून वाळवला, तोंड बंद केलं, मग गुंडाळला. गुंडाळायला यांचा जुना सदरा फाडला. मऊ झालेला होता. त्याला बारीक बारीक जळालेली भोकं आहेत, ती कसली ते तुला माहीत आहे, मुंगीला सांग. सदरा मागितला तेव्हा म्हणाले, "फाड. आता मी कुठे जाणारे तो घालून?" मग म्हणाले, "खिशाकडचा भाग घे. तिथे शिवण दुहेरी आहे, ती बाहेर ठेव. शिवण काचेवर यायला नको." तशीच ठेवली आहे.

आता उघडायचं कसं ते लिहिते. नीट वाच, आणि मुंगीला वाचून दाखव, कारण तिला दम धरवणार नाही.

खोकं आलं की लगेच उघडू नका. तुमच्याकडे आता थंडी आहे. दिवसभर घरात राहू दे. गार काचेत कोमट पाणीसुद्धा जायला नको. उघडायचं ते पलंगावर, गादीच्या मध्यभागी. सुरी खोल घालू नकोस, फक्त चिकटपट्टी काप. वरचा फोम आधी काढ, बाजूचे नंतर. आतलं खोकं वर उचलून घे, उलटं करून ओतू नकोस. त्याची दोरी सोड, कापू नकोस. कापताना खोकं दाबलं जातं. आत कागद चुरगळून घातले आहेत. त्यातला एकही न उलगडता टाकू नकोस, आणि फोम झटकल्याशिवाय केरात घालू नकोस. लोक वस्तू फोडत नाहीत, केराबरोबर फेकून देतात, हे मी लॅबमध्ये पाहिलेलं आहे. सदरा सोडताना पक्षी पोटाशी धरायचा. शेपटीला धरून उचलायचा नाही. शेपटी सगळ्यात पातळ आहे. पाणी पाठीच्या भोकातून घालायचं, थोडं.

एवढं सांभाळलंत की झालं. मग मुंगीने वाजवावा आणि तिच्या बाबाच्या फोनवर वाजवून दाखवावा. तो सध्या रोज संध्याकाळी इथे असतो. या घरात फोन करायचा नाही हे मला माहीत आहे. त्याच्या फोनवर केला तर तो या घरातला होत नाही.

खोकं देताना खिडकीतला माणूस म्हणाला, "आज कोणता आजी, शंभरचा की साठचा?" म्हटलं, आज बल्ब नाही. तो उभा राहिला आणि खोकं दोन्ही हातांनी घेतलं. मग मात्र मागच्या पोत्यात टाकलं, इतर पार्सलांवर. आवाज मी ऐकला. फेकणार हे धरूनच बांधलं आहे.


१२ जानेवारी

मुंगीच्या आईस,

तुझा मेसेज मुंगीच्या बाबाने उभ्या उभ्या वाचून दाखवला. "पक्षी पोचला. अख्खा आहे. वाजत नाही."

पहिल्या दोन वाक्यांना मी खुर्चीत बसले. तिसऱ्याला हे म्हणाले, "पाणी घातलं का विचार."

त्याने विचारलं. घातलं, असं आलं.

"फुंकताना हवा जाते का?"

जात नाही, असं आलं.

 हे म्हणाले, "बुडबुडा. तेव्हाच म्हटलं होतं टाक म्हणून. तिथून तडकली असेल आतली भिंत, बसली असेल नळीत. काम कच्चं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, इथे वाजत होता की, मीच वाजवला होता. ऐकलं नाही. पुढचे काही दिवस तेच. डॉक्टर आले तर त्यांनाही सांगितलं, "काम कच्चं होतं." डॉक्टरांना वाटलं हे स्वतःच्या छातीबद्दल बोलताहेत. ते म्हणाले, "असं नका म्हणू, एवढी वर्षं टिकली की." यांनी मला खूण केली, डॉक्टरांना बाहेर घेऊन जा म्हणून.

आज सकाळी मी यांच्या मशीनची पाण्याची बाटली धुतली. ती रोज धुवावी लागते. धुतली, पुसली, वाळत ठेवली, आणि वळले तर माझ्या हातात कापूस होता. बाटलीच्या तोंडात बोळा बसवून झाला होता. बसवलेला मला कळलासुद्धा नाही.

लॅबमध्ये हे केल्याशिवाय एकही भांडं कपाटात जात नसे. धुवायचं, वाळवायचं, तोंडाला कापसाचा बोळा. धूळ जायला नको, मुंग्या जायला नकोत. बोळा काठाशी बरोबर कापायचा, बाहेर लोंबता कामा नये, नाहीतर कपाट गबाळं दिसतं. तुला मी पानभर लिहिलं, दोरी कशी सोडायची, फोम कसा झटकायचा. बोळ्याचं लिहिलं नाही. माझ्या लेखी बोळा काचेचाच भाग आहे. आणि लॅबमध्ये कोणी भांड्याला तोंड लावून फुंकत नाही.

मुंगीने थांबायचं कारण नव्हतं. पाणी भरल्याबरोबर तिने जोरात फुंकलं असणार, आणि शेपटीच्या तोंडातला बोळा आत गेला असणार, नळी बारीक होते तिथपर्यंत. आवाज तिथेच होतो. आता तो तिथे घट्ट बसला असेल. बाहेरून दिसणारही नाही, नळी तिथे पोटात शिरलेली आहे आणि कापूस ओला.

यांना जाऊन सांगितलं. "तुमचं काम नाही कच्चं. मी बोळा लावला होता."  हे हसायला लागले, आणि इतकं हसले की मशीन वाढवावं लागलं. "पक्ष्याला," म्हणाले. थांबले. "पक्ष्याला बूच मारलंस."

तर आता काय करायचं ते. चिमटा घालू नकोस. सुई, तार, काही घालू नकोस. ओढायला गेलीस तर कापूस तुटेल आणि अर्धा आतच राहील, किंवा शेपटी जाईल. बाकीचं यांनी सांगितलं आहे ते

इथवर लिहिलं आणि थांबले. हे पत्र तुला मिळायला तीन आठवडे लागतील. या आधीच्या पत्रांत मी बरे आहेत असं लिहीत आले. ते बरे नाहीत. तीन आठवडे आहेत की नाहीत हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि मीही आता विचारत नाही.


३ फेब्रुवारी

मुंगीच्या आईस,

१२ तारखेचं पत्र पाठवलंच नाही. अर्धंच आहे. या पत्रासोबत ठेवलं आहे, कारण त्यात आहे ते इथे पुन्हा लिहायला नको.

ते लिहीत असताना मुंगीचा बाबा माझ्या मागे उभा होता. वाचत होता हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, "तीन आठवडे?" आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं. तुझ्याशी काय बोलला ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. काचेतून दिसत होता. एक हात कठड्यावर, मान खाली. आत आला तेव्हा म्हणाला, "ती करतेय. इथल्या फोनवर."

इथल्या फोनवर. मी त्या फोनवरची धूळ पुसली. कोणी बघणार नव्हतं, तरी पुसली.

तुमच्या बाजूचं तुला ठाऊक आहे. आमच्या बाजूचं लिहिते, कारण ते फोनमधून जात नाही.

फोन यांच्या उशीवर ठेवला, आवाज मोठा करून. तू "बाबा" म्हणालीस. हे काही बोलले नाहीत. तुला वाटलं असेल लाइन गेली. लाइन होती. ते मला खूण करत होते, मशीन कमी कर, आवाज मध्ये येतोय. मी कमी केलं नाही. तेव्हा नाइलाजाने बोलले. "पक्षी हातात आहे का?"

एवढ्या दिवसांनी पहिलं वाक्य ते. तू "हो" म्हणालीस.

"पाणी ओत सगळं. ओतलंस? शेपटीत काही घालू नकोस."

"नाही घालत."

"जिकडून आत गेला तिकडूनच बाहेर येईल. पाठीच्या भोकाला तोंड लाव. तू लाव, तिला नको देऊस. तिची फुंक पुरणार नाही. आणि जोरात."

तुझा आवाज लांब गेला. काही झालं नाही. तू पुन्हा फुंकलंस. मुंगी तिकडून काहीतरी ओरडत होती. हे म्हणाले, "गाल फुगवू नकोस. पोटातून." मी त्यांच्याकडे बघत होते. डोळे मिटलेले होते आणि गाल आत गेलेले, ओठ पुढे. हात चादरीवर होते. बोटं फिरत होती, नळी ज्योतीवर फिरवतात तशी, सावकाश, एकसारखी. तू फुंकत होतीस तेवढा वेळ फिरली.

मग तू हसलीस. बोळा कुठेतरी उडाला असावा. मुंगी म्हणाली, "ई, आजीचा कापूस!" मुंगीच्या बाबाने इकडे हसू दाबलं. तो दारात उभा होता, चार्जर हातात घेऊन. त्याची गरज नव्हती, तो फोन वायरचा आहे.

मुंगीने पाणी घालून वाजवला. आवाज झाला, पण गुदमरल्यासारखा.

"आजोबा, वाजला?"

"पाणी जास्त आहे. थोडं सांड."

तिने सांडलं, आणि तू तिला म्हणालीस, "अगं, गादीवर नको." पुन्हा वाजवला. किंचाळला.

"हळू," हे म्हणाले. मग थांबले. पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "मोठी झालीस तू."

तिसऱ्यांदा वाजला. जसा वाजायला हवा तसा. इथे तो असा शेवटचा वाजला होता तेव्हा मुंगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तू तिला बूट घाल म्हणत होतीस. आवाज तोच होता. 

तू विचारलंस, "आई, बाबांना ऐकू आलं का?" मी "आलं" म्हटलं. तू आणखी काही विचारणार होतीस, पण मुंगी वाजवतच राहिली, आणि मग आपण सगळेच ऐकत राहिलो. फोन कोणी ठेवला ते आठवत नाही.

फोन झाल्यावर यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं तुझ्याबद्दल काही सांगतील. म्हणाले, "बुडबुड्यापर्यंत पाणी. सांग तिला. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा यांना झोप लागली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरचं तुला मुंगीच्या बाबाने कळवलं आहे. तू यायला निघत होतीस, हे त्याने सांगितलं. मी नको म्हटलं कारण पोचली नसतीस. दुसरं काही कारण नव्हतं. तसं कोणी सांगितलं तर मानू नकोस.

आता ते लिहून ठेव. पक्षी उजेडात धर, चोच उजवीकडे. उजव्या पंखाखाली बुडबुडा दिसेल. पाणी तिथपर्यंत, वर नाही. फुंक हळू. हे मुंगी दर वेळी विसरेल, आणि ते दर वेळी फोनवर सांगणार होते. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून लिहिते.

मुंगीची फुंक आणखी मोठी होईल. मग कितीही हळू फुंकलं तरी तो किंचाळेल. तेव्हा पाणी ओतून टाका, पुसा, आणि खिडकीत ठेवा. तोंडाला काही लावू नका. धूळ जाईल. जाऊ दे.